स्वागताध्यक्षांचे मनोगत





डॉक्टरांच्या या परिषदेला सोलापूरच का, असं काहींनी विचारलं. हे गाव गिरण्यांनी घडवलं. १८७७ साली मोरारजी गोकुळदासांनी इथे पहिली गिरणी काढली, तीच आमची जुनी मिल. मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या. भोंगा झाला की चुली पेटायच्या. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं एकाच साच्याखात्यात राबली, आणि १९३० साली इंग्रजांनी इथे मार्शल लॉ पुकारला तेव्हा हेच कामगार छाती काढून उभे राहिले. डॉ. द्वारकानाथ कोटणीसही इथलेच. १९३८ साली चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करता करता बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. भैय्या चौकाजवळचं त्यांचं स्मारक पाहिल्याशिवाय कुणी गाव सोडू नये, ही माझी आग्रहाची विनंती.

पण सोलापूरच का, याचं डॉक्टरांसाठीचं उत्तर गिरण्यांतच आहे. गिरणीत बॉयलर असायचा. वाफेच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचा लेप, तो खरवडताना पांढरी भुकटी उडायची. तोंडाला पंचा बांधला की झालं संरक्षण! छातीत गेलेले तंतू कफाबरोबर गिळले जातात, पोटात उतरतात. उदरपटलाचा मेसोथेलिओमा आणि अंडाशयाचा कर्करोग यांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध सिद्ध आहे. जठर आणि मोठ्या आतड्याबाबतचा पुरावा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था अजून मर्यादित मानते. आजार उमटायला तीस-चाळीस वर्षं लागतात, तोवर गिरणी बंद, हजेरीपट गहाळ. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच बजावलं आहे. पोटाचा रोगी समोर आला की तो पूर्वी कुठे कामाला होता, एवढं आवर्जून विचारा, हीच माझी मागणी.

आता व्यवस्थेविषयी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. टँकर सांगितले आहेत, तरी गैरसोय झाल्यास उदार मनाने क्षमा करावी. खोल्या अपुऱ्या पडल्या, काहींना धर्मशाळेत उतरावं लागलं, त्याबद्दल मी दिलगीर आहे. चादर कारखानदार, अडत व्यापारी, मंडपवाले आणि नाव न सांगण्याच्या अटीवर परिषदेच्या दोन्ही दिवसांचं जेवण देणारं कुटुंब, साऱ्यांचे ऋण मोठे आहेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोटभर खा. कोटणीस स्मारकाकडे जाणारी बस संध्याकाळी पाच वाजता मंडपाच्या मागच्या दारापासून सुटेल.