काचेच्या तारेतला उजेड

गटाचा हप्ता भरला, की मोबाइलवर लगेच मेसेज येतो. त्याचा बराचसा प्रवास उजेडावर होतो.

रस्त्याकडेला पुरलेल्या केबलमध्ये केसासारखी बारीक काचेची तार असते. टोकाला मिठाच्या कणाएवढा लेझर. असा पहिला अर्धवाहक लेझर १९६२ साली अमेरिकेत पेटला. अंधारात बॅटरी चालू-बंद करून आपण खूण करतो, तसंच हे. उजेड म्हणजे एक, अंधार म्हणजे शून्य. पण सेकंदाला हजार कोटी खुणा!

एवढ्या घाईनं लेझरची वीजच कमी-जास्त केली, तर उजेडाचा रंग हलतो आणि लांब जाता जाता खुणा एकमेकींत मिसळतात. म्हणून लांबच्या पल्ल्यासाठी लेझर सतत पेटता ठेवतात, पुढची झडप उघडमीट करते. समई विझवायची नाही, पुढे हात धरायचा.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे चर खणताना केबल तुटली. शेजारच्या आजींनी पेन्शनसाठी तीन हेलपाटे घातले. म्हणून खणण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. तुटलेल्या तारेच्या टोकात डोकावू नका, मुलांनाही सांगा. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.