‘गुलाब – नग १००’

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण. बोललो तसंच, थोडं नीटनेटकं करून लिहिलं आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, “काका, तुम्ही झेंड्यासमोरच्या नव्या गुलाबांवर बोला. पंधरा मिनिटं.” मी म्हणलं, बोलतो, पण आधी जुन्या गुलाबांवर बोलावं लागेल. कारण जुने गुलाब मेले ते माझ्यामुळे. हे इतक्या वर्षांत मी सर्वसाधारण सभेत कधी बोललो नाही. आज बोलून टाकतो.

तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. सोसायटीला दहा वर्षं झाली तेव्हा पश्चिमेच्या कंपाउंड भिंतीला लागून शंभर गुलाब लावायचं ठरलं होतं. वर्गणी निघाली. मी तेव्हा शेंद्र्याच्या एका कारखान्यात परचेस डिपार्टमेंटला होतो, म्हणून खरेदी माझ्याकडे आली. कारखान्यात मी साधा बोल्ट मागवला तरी लांबी, आटे, ग्रेड, कोटिंग सगळं लिहायचो. मिलिमीटरचा फरक निघाला तर अख्खी लॉट परत पाठवायचो. आणि गुलाबाची ऑर्डर काय लिहिली? ‘गुलाब – नग १००’. बस्स. एवढंच.

त्याप्रमाणे नग १०० आले. छोट्या काळ्या पिशव्या, प्रत्येकीत एक करंगळीएवढी काडी, वर दोन पानं आणि गळ्यात रंगीत फोटो. मार्च महिना होता. फूटभराचे खड्डे घेतले आणि लावून टाकले. जागा कुठली, तर दुपारी तीननंतर जी भिंत तव्यासारखी तापते तिच्या पायाशी. निम्मे तर लिंबाच्या सावलीत. ‘खोल लावलं की पक्कं बसतं’ असं म्हणून कलमाचा जोडही मातीत गाडला. काही उन्हाळ्यात गेले. उरलेले पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबून मुळासकट कुजले. जे राहिले ते २०१२-१३ च्या दुष्काळात गेले. तेव्हा आजूबाजूच्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळत होत्या, आपल्याकडे टँकर यायचा. गुलाबाला पाणी घाला म्हणायची कुणाची छाती होती? ते बरोबरच झालं. पण खरं सांगतो, दुष्काळाच्या आधीच त्यातले दोन तृतीयांश गेले होते, आणि ते पाण्यावाचून नव्हे, माझ्या ऑर्डरमुळे.

शंभरातलं एकच झाड जगलं. दुसऱ्या गल्लीतल्या आजींच्या दारासमोरचं. आजोबा गेले त्या वर्षी त्यांनी ते आपल्या हातानं लावलं होतं. आजी त्याला रोज तांदूळ धुतलेलं पाणी घालायच्या. दुष्काळातही त्यांनी ते तसंच जगवलं. फोटोत लाल गुलाब होता. झाडाला मात्र एकेरी पाकळ्यांची बारकी, फिकट फुलं यायची, तीही वर्षातून एकदा. आजी म्हणायच्या, “पाणी कमी पडतं म्हणून रंग उतरला असंल.”

रिटायर झाल्यावर मला वेळ मिळाला आणि मी या विषयाच्या मागे लागलो. शहरात हिमायत बागेत गेलो. तिथं आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, कलमं कशी बांधतात ते बघितलं. नर्सरीवाल्यांशी बोललो. डॉ. बी. पी. पाल यांच्याविषयी वाचलं. हा माणूस गव्हाचा मोठा शास्त्रज्ञ, १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा पहिला महासंचालक. आणि गुलाबाचा इतका नाद की त्यांनी स्वतः कितीतरी नव्या जाती तयार केल्या. एवढ्या मोठ्या माणसाला गुलाब शिकावा लागला, तर आपण न शिकता शंभर नग लावायला निघालो होतो!

आणि तेव्हा मला आजींच्या झाडाचं कळलं. बाजारातला गुलाब हा दोन झाडांचा संसार असतो. खाली जंगली, काटक गुलाबाचं मूळ. त्याला खुंट म्हणतात. वर त्याच्यावर भरलेला चांगल्या जातीचा डोळा. जोडाच्या खालून जी फूट येते ती खुंटाची. ती वेळेवर काढली नाही तर सगळं अन्न तीच खाते आणि वरचा गुलाब मरतो. लोक म्हणतात, पाच पानांचा तो गुलाब आणि सात पानांचा तो जंगली. त्यावर विसंबू नका; चांगल्या जातींनाही सात पानं येतात. फूट जोडाच्या वरून निघाली की खालून, एवढंच बघायचं. खालून असेल तर माती बाजूला करून ती मुळापासून ओढून काढायची. नुसती कापली तर चार फुटतात.

आजींचा लाल गुलाब कधीच गेला होता. इतकी वर्षं त्या खुंटाला पाणी घालत होत्या. हे त्यांना सांगावं की नाही, यावर मी महिनाभर विचार केला. शेवटी सांगितलं. आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हंजे मूळ त्यांनी आणलेलंच आहे ना? मग त्याच्यावर काय करता येतं ते कर.”

त्याचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी नव्या बागेचा हिशोब देतो, कारण पैसे तुमचे आहेत.

मागच्या सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न आला तो पाण्याचा, आणि तो यायलाच पाहिजे. आपल्या भागात बाग म्हणजे आधी पाणी, मग झाड. मलिक अंबरच्या नहरी, पाणचक्की, मकबऱ्यातले सरळ पाट, हे सगळं तेच सांगतं. म्हणून मी झाडं मोजायच्या आधी लिटर मोजले. ठिबकवर एका झाडाला हिवाळ्यात दिवसाला दोनेक लिटर, भर उन्हाळ्यात चार. आपण लावली ४७ झाडं. सत्तेचाळीस चोक एकशे अठ्ठ्याऐंशी लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे सगळी बाग मिळून दीड माणसाचंही पाणी पीत नाही. आणि सभेत लिहून दिलंय की टँकर सुरू झाला तर पहिलं बंद होणार ते ठिबक. गुलाब छाटून, बुडाशी पालापाचोळा घालून, आठवड्याला दोनदा पाण्यावर तग धरतात. फुलं येणार नाहीत, पण झाड राहील.

एक विनंती इथंच करतो. घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी कृपा करून गुलाबाला घालू नका. आपलं बोअरचं पाणी मुळात जड, आरओतून बाहेर पडतं ते त्याहून खारट. भांड्या-कपड्याच्या साबणाचंही नको. तांदूळ-डाळ धुतलेलं चालेल.

आता जागा. गुलाबाला कमीत कमी सहा तास ऊन लागतं, आणि ते सकाळचं असेल तर उत्तम. म्हणून पश्चिमेची भिंत सोडली आणि झेंड्यासमोरची पूर्वेकडची मोकळी जागा घेतली. माती तपासून आणली, सामू ८.२ निघाला. गुलाबाला साडेसहाच्या आसपास आवडतो. चुनखडीच्या मातीत लोह असून झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्याला चिलेटेड लोह आणि भरपूर कुजलेलं शेणखत हा उपाय. पाणी तुंबू नये म्हणून वाफे जमिनीपासून फूटभर उंच केले. खड्डे दोन फूट बाय दोन फूट बाय दोन फूट, मे महिन्यात खणून उन्हात तापू दिले. मग लाल माती, प्रत्येक खड्ड्याला दहा किलो शेणखत, निंबोळी पेंड आणि सुपर फॉस्फेट घालून भरले. लागवड मात्र जोराचा पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात.

वाफ्यांचं गणितही सांगतो, म्हणजे पुढच्या कमिटीला उपयोग होईल. मुख्य वाफा ९ मीटर लांब, दीड मीटर रुंद. रुंदी दीड मीटरच का? दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर माळीमामा वाफ्यात पाय देऊन माती दाबतात. त्यात पाऊण मीटरवर दोन ओळी. एका ओळीत १२, म्हणजे २४ झाडं, सगळी एकाच जातीची, लाल ग्लॅडिएटर. आमचा पहिला विचार चोवीस रंगांचा होता. पण लांबून बघताना चोवीस रंग म्हणजे नुसती खिचडी दिसते, आणि प्रत्येकाची उंची वेगळी. एक रंग एकत्र असला की गेटमधून आत येतानाच दिसतो. दुसरा वाफा मुलांच्या खेळण्याकडे जाणाऱ्या वाटेला, तिथं पांढरा आइसबर्ग, साठ सेंटिमीटरवर एका ओळीत १५. ही १९५८ सालची जर्मन जात. झुपक्यानं फुलते आणि काटे अगदी कमी. पोरं चेंडू आणायला घुसणारच, हे धरून जात निवडली.

तिसरा वाफा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे गुलाब म्हटलं की पहाटेची भांडणं ठरलेली. देवाला फूल पाहिजे, आणि बागेत तोडायला मनाई. पाटी लावून काही होत नाही, हे पंचवीस वर्षांत आपण बघितलंय. म्हणून मागच्या बाजूला देशी, वासाच्या गुलाबाची ८ झाडं एकेक मीटरवर लावली आहेत. तिथलं फूल कुणीही तोडावं. देवाला वाहावं, गुलकंद करावा. झेंड्यासमोरचं मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसाठी. गेले तीन महिने हा करार दोन्ही बाजूंनी पाळला जातोय. (टाळ्या माझ्यासाठी नकोत, आपल्या काकूंसाठी वाजवा.)

आता ऑर्डर. या वेळी मी ‘नग’ लिहून थांबलो नाही. ऑर्डरचा मजकूर असा होता. स्मरणिका जपून ठेवा, कामाला येईल:

१. जातीचं नाव, प्रकार, रंग आणि संख्या. नाव सांगता येत नसलेलं झाड घेणार नाही.
२. डोळा भरलेलं, जोड पूर्ण भरून आलेलं, किमान एक वर्षाचं कलम. पेन्सिलीएवढ्या जाड तीन निरोगी फांद्या. खुंट कोणता ते कळवावं.
३. मोठ्या पिशवीतली झाडं. दर दहातलं एक झाड पिशवी फाडून बघणार. मुळं गोल गुंडाळलेली किंवा काळी निघाली तर गाडी परत.
४. काळे ठिपके, भुरी, खवले कीड असलेलं झाड नको. ऐन फुलावरचंही नको. फूल आपण आपल्याकडे आणू.
५. आधी प्रत्येक जातीचं एक नमुना झाड; ते पास झाल्यावरच बाकीची.
६. मर भरून काढायला ५ झाडं जास्त. तीन महिन्यांत मेलेलं झाड बदलून द्यायचं. अर्ध्या रकमेचा शेवटचा हप्ता त्यानंतर.

पहिल्या दोन नर्सऱ्यांनी हा कागद बघून हसून परत दिला. तिसऱ्यानं शांतपणे वाचला आणि म्हणाला, “लावताना जोड मातीच्या वर दोन इंच ठेवणार असाल तरच हमी देतो.” मी म्हणलं, हाच आपला माणूस. ५२ झाडं आली, ४७ लागली, त्यांतली ३ गेली आणि कुंडीतल्या राखीव झाडांनी त्यांची जागा घेतली.

छाटणीबद्दल थोडक्यात. मोठी छाटणी पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात, पण ती पुढच्या वर्षापासून. पहिल्या वर्षी झाडाला अंग धरू द्यायचं. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप, धारदार कात्रीनं, आणि कापाला बोर्डो पेस्ट. छाटल्यापासून साधारण ४५ ते ५० दिवसांत फूल येतं. म्हणून यंदा १० डिसेंबरला आम्ही फक्त शेंडे खुडले. परवा २६ जानेवारीला ध्वजवंदनाच्या वेळी समोर जे लाल दिसलं, ते त्या दिवसाच्या हिशोबाचं होतं.

आता आजींचं झाड. मागच्या हिवाळ्यात एका अनुभवी माळीमामांना बोलावलं. त्यांनी खुंटाच्या नव्या फुटव्यावर इंग्रजी ‘टी’सारखी चीर दिली, ग्लॅडिएटरचा डोळा सालीसकट काढून आत बसवला आणि डोळा उघडा ठेवून पट्टी बांधली. तीन डोळे भरले. तीन आठवड्यांनी दोन हिरवे राहिले, एक काळा पडला. दोन्ही लागले तेव्हा वरचा खुंट छाटला. आजी रोज सकाळी चष्मा लावून बघायच्या, जोडाखाली काही फुटलंय का. आता खुंटाची फूट त्यांना माझ्याआधी दिसते.

मागच्या महिन्यात त्याला पहिलं लाल फूल आलं. आजींनी ते तोडलं नाही. आज त्या इथं पहिल्या रांगेत बसल्या आहेत. झेंड्यासमोर अजून चार राखीव गुलाब लावायचा विचार चालू आहे, त्याचे डोळे आजींच्या झाडावरून घ्यावेत, अशी माझी कमिटीला सूचना आहे. आणि डोळे भरायला आपल्यातल्याच दोन-तीन पोरांनी शिकावं. पुढच्या वेळी ‘नग’ मागवायची वेळच येऊ नये.

एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो. पंधरा मिनिटांची वीस झाली, त्याबद्दल बालमित्रांची माफी मागतो. जेवायला चला. जय हिंद, जय महाराष्ट्र!