दारू सुटली, धडधड राहिली

श्रोतेहो, तुमच्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून येतो : ‘दारू सोडून तीन महिने झाले, मग आता भीती का वाटते? दिवे लागायच्या वेळेला छातीत धडधडतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.’

दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याच हिशेबाने बसलेला असतो. दारू गेली की तो खवळतो. पहिल्या चार-पाच दिवसांत फीट येऊ शकते, म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. नंतरची बेचैनी काही आठवड्यांत, कधी महिन्यांत ओसरते.

पण या बेचैनीवर स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेऊ नका. मागे एक बाई नवऱ्याला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. ‘नऊ महिन्यांत थेंब नाही घेतला,’ त्या कौतुकाने सांगत होत्या. मी नवऱ्याचा खिसा बघायला मागितला. अल्प्राझोलामची दहाची पट्टी निघाली, तीन गोळ्या शिल्लक. कधी घेतली? ‘परवा.’ अहो, ही गोळीसुद्धा त्याच गाबावर काम करते! दारू सुटली नव्हती, तिने फक्त कपडे बदलले होते. डॉक्टरांनी शेजाऱ्याला दिलेली गोळी तुमची कशी होईल? ‘मेडिकलवाल्याने दिली’ हे मला सांगू नका. तो तुम्हाला तपासतो का? डॉक्टर सुरुवातीला अशी गोळी देतात, ती मोजून आणि कमी करत बंद करण्यासाठी. आणि रोज घेत असाल तर आज हे ऐकून एकदम थांबवूही नका, त्यानेही फीट येते. डॉक्टरांकडे जा. गोळी मनाने सुरू नाही, मनाने बंदही नाही.

आता विचारांचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिचं सूत्र असं की घटनेइतकाच तिच्याबद्दलचा आपला समज आपल्याला छळतो. धडधड त्रासदायक आहे, हे खरं. ‘मला हे सहनच होणार नाही’ ही मात्र आपण घातलेली भर, आणि पाय गुत्त्याकडे वळतात ते त्या भरीमुळे. तलफ आली की घड्याळ बघा. बहुतेक वेळा अर्ध्या तासात ती उतरते. तेवढ्या वेळात भाजी निवडा, अंगण झाडा, कुणाला तरी फोन लावा. ‘सहन होत नाही’ऐवजी ‘जड जातंय, पण जातंय’ असं मोठ्याने म्हणा.

पाय घसरला तर ‘गेलं सगळं’ म्हणू नका. त्याच दिवशी उपचाराला परत या. जेवण वेळेवर घ्या. झोप लागावी म्हणून चहा दुपारनंतर नको.

घरच्यांनो, चिडचिड दिसली की ‘पुन्हा प्यायलास ना?’ असं विचारू नका. तो माणूस त्या क्षणी घाबरलेला असतो हो. जवळ बसा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि आज घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडा. तिथे चिठ्ठीशिवाय आणलेली झोपेची गोळी सापडली, तर ती घेऊन उद्या डॉक्टरांकडे या. मी रागावणार नाही.