कोण कोणाच्या बांधीत



गोंदियात अध्यक्षीय भाषण करायचे म्हणजे भवभूतीचे नाव घ्यावे लागते. आमगावजवळचे पद्मपूर हे त्याचे गाव मानले जाते. नाव घेऊन झाले, आता धानाकडे वळते.

आपण विषमता मोजणारी माणसे. आपल्या हातात प्रश्नावली असते आणि प्रश्नावलीत बहुतेक घरातल्या वस्तू असतात: छप्पर कशाचे, गॅस आहे का, दुचाकी आहे का, फोन कोणता. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की या जिल्ह्यातला वर्ग घरातल्या वस्तूंवरून कळत नाही. रोवणीच्या दिवसांत कोण कोणाच्या बांधीत उतरते, कोणत्या दराने, आणि तो दर कोण ठरवते, यावरून तो कळतो. हे मोजता येते. आपण ते मोजत नाही, कारण वस्तू मोजणे सोपे असते.

आपली नेहमीची साधने पाहा. बी. जी. प्रसादांचे वर्गीकरण १९६१चे, माणशी मासिक उत्पन्नावर आधारलेले. कुप्पुस्वामींची मापनपट्टी १९७६ची. कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय आणि कुटुंबाचे उत्पन्न यांची बेरीज. ती शहरांसाठी केलेली होती, तरी प्रबंधांतून ती खेड्यापाड्यांत सर्रास फिरते. दरवर्षी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे तिचे उत्पन्नाचे आकडे बदलले जातात, बाकी पट्टी बहुतांशी तशीच. आता तिरोड्याच्या एखाद्या बिडी वळणाऱ्या बाईला या पट्टीवर ठेवा. कुटुंबप्रमुख तिचा नवरा. त्याचे शिक्षण मोजले, त्याचा व्यवसाय मोजला. सट्टेदाराकडून पत्ता आणि तंबाखू आणून हजारावर मजुरी घेणारी, आणि त्या हजारातून छाट म्हणून बाजूला पडलेल्या बिड्यांचा तोटा सोसणारी ही बाई फक्त उत्पन्नाच्या रकान्यात उरते, तीही बेरजेत मिसळून. बिडी कामगारांसाठी १९६६मध्ये कायदा झाला, १९७६मध्ये कल्याण निधी झाला. कायद्याने तिला कामगार म्हणून ओळखले. आपल्या पट्टीने अजून ओळखलेले नाही.

खेड्यांसाठी म्हणून पारीक आणि त्रिवेदी यांनी १९६४मध्ये वेगळी पट्टी केली. तिच्यावर मी जरा थांबते, कारण ती प्रामाणिक आहे आणि तिची चूकही प्रामाणिक आहे. जमीन, घर, बैल, शिक्षण, व्यवसाय, सायकल, रेडिओ, खुर्च्या यांच्याबरोबर तिने जातीलाही गुण दिले. अनुसूचित जातीला एक, प्रभावी जातीला सहा, अशी चढती पायरी. खेड्यात जात मोजल्याशिवाय दर्जा मोजता येत नाही, हे शहरी समाजशास्त्राला अवघड वाटणारे सत्य तिने सरळ मान्य केले. पण मान्य करून तिने ते बेरजेत टाकले. बेरजेचा धर्म असा, की एका खान्यात कमी पडले तर दुसऱ्या खान्यातून भरून निघते. म्हणजे पाच एकर ओलीत असलेल्या बौद्ध कुटुंबाचे जातीत गेलेले गुण जमिनीने भरून निघतात. कागदावर निघतात. गावात निघतात का, हे अर्जुनी-मोरगावच्या किंवा सडक-अर्जुनीच्या कोणत्याही गावात जाऊन विचारा. बाबासाहेब आंबेडकर १९५४ची पोटनिवडणूक ज्या भंडाऱ्यातून लढले आणि हरले, त्या भंडारा जिल्ह्यातच तेव्हा हा सगळा मुलूख होता; १ मे १९९९ रोजी तो वेगळा झाला. श्रेणीबद्ध विषमतेबद्दल त्यांनी जे मांडले, ते बेरजेच्या गणितात बसत नाही.

शरद पाटलांनी जात आणि वर्ग एकत्र वाचायचा आग्रह आयुष्यभर धरला. त्यांच्याशी कितीही मतभेद असोत, एकत्र वाचणे म्हणजे दोन्हींचे गुण मिळवणे नव्हे, एवढे तरी आपण त्यांच्याकडून घ्यायला हरकत नव्हती.

सरकारी मोजणीबद्दल थोडक्यात. २००२च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात तेरा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. तेरावा प्रश्न असा, की तुम्हाला कोणती मदत हवी. मजुरीचे काम मागितले तर शून्य गुण, घरकुल मागितले तर तीन. मागणीवरून माणसाची श्रीमंती ठरवणारे मोजमाप दुसरे कुठे झाले असेल असे मला वाटत नाही. त्यानंतरच्या २०११च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत फ्रिज, दुचाकी किंवा लँडलाइन फोन असलेली घरे आधीच वगळली गेली. अडीच एकर ओलीत जमीन आणि सोबत सिंचनाचे एखादे साधन असेल तर तेही घर बाहेर. आता आपल्याकडचे ओलीत पाहा. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, कोहळ्यांनी बांधलेले तलाव सरकारकडे आले आणि लोक त्यांना मामा तलाव म्हणू लागले, म्हणजे माजी मालगुजारी. तलावाच्या पाळीखाली ज्याची बांधी आहे त्याला मोटर लागत नाही, पाणी आपोआप येते. ज्याची जमीन टोकाला आहे तो कर्ज काढून बोअर मारतो, आणि ‘साधन’ त्याच्याच नावावर लागते. त्याच तलावात मासे धरणाऱ्या ढिवराच्या नावावर तर जमीनही नसते. त्याचे सगळे असणे मच्छीमार संस्थेच्या ठेक्यावर. पाण्यावरच्या या हक्काला रकाना नाही. गणनेला माहीत आहे ती फक्त यंत्राची मासेमारी बोट, आणि तीही वगळण्यासाठी.

आता संपत्ती निर्देशांक. फिल्मर आणि प्रिचेट यांच्या २००१च्या लेखाने तो जगभर रूढ केला, आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६पासून तो आहे. वस्तूंची यादी घ्यायची, संख्याशास्त्राने त्यांना वजन द्यायचे, घरे पाच समान गटांत वाटायची. आरोग्याच्या अभ्यासाला तो उपयोगी आहे, हे मी नाकारत नाही; ज्या घरात शौचालय आहे त्या घरातल्या लेकराचे पोट खरेच कमी बिघडते. पण २०१४नंतर शौचालय आले, २०१६पासून उज्ज्वलाचा गॅस आला, घरकुल आले, जनधनचे खाते आले. आपण ज्या वस्तूंनी गरिबी मोजतो त्याच वस्तू योजनेतून वाटल्या जातात. घर वरच्या गटात गेले. घरातली माणसे अजूनही त्याच शेतकऱ्याकडे रोजीला जातात, त्याच्याकडूनच आषाढात उचल घेतात. सालेकसा आणि देवरीकडे हे जास्त दिसते, कारण तिथे घरात आलेली वस्तू आणि घराबाहेरचा व्यवहार यांत अंतर मोठे आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. दांडेकर आणि रथ यांनी पुण्यातून १९७१मध्ये खेड्यासाठी १९६०-६१च्या किमतींनुसार माणशी महिना १५ रुपयांची रेषा आखली. २००९मध्ये सुरेश तेंडुलकरांच्या समितीने ती नव्याने बांधली. मोठे काम आहे. पण रेषेखाली किती आहेत हे सांगणारे मोजमाप, रेषेवरचे लोक खालच्यांच्या जोरावर वर आहेत का, हे सांगत नाही. त्याला तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

तो प्रश्न उत्सा पटनाईक यांनी १९७६मध्ये विचारला. कुटुंबाने बाहेरून किती श्रम घेतले, बाहेर किती दिले, आणि घरचे किती लावले, याचे गुणोत्तर. पंजाब-हरियाणासारख्या शेतीचा विचार करून झालेल्या वादात ते पुढे आले, तरी मला ते धानपट्ट्यात अधिक जुळते वाटते. धान हे श्रमाचे पीक. जुलै-ऑगस्टच्या थोड्या दिवसांत परहे, म्हणजे धानाची रोपे, काढून रोवणी उरकायची असते, आणि त्या दिवसांत दोन एकरवालाही बाया लावतो आणि त्याच्या घरची बाई चार दिवसांनी दुसऱ्याच्या बांधीत असते. जनगणनेच्या भाषेत हे घर ‘शेतकरी’. पण त्या घरातल्या बाईचे वर्ष मांडून पाहा: मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूच्या फडावर पुडे, पावसात रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी, मधल्या काळात बिड्या. ती शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातली, की ‘इतर’? चारही. आपण तिला एका रकान्यात टाकतो आणि मग रकान्यांची तुलना करतो.

तरी पटनाईकांचे गुणोत्तरही इथे जसेच्या तसे चालणार नाही, हे सांगून ठेवते. एक तर ठेका. बटईने किंवा ठेक्याने जमीन कसणाऱ्याचे धान आधारभूत केंद्रावर मोजायचे तर सातबारा मालकाचा लागतो. पैसे मालकाच्या खात्यात, बोनस मालकाच्या खात्यात. नाहीतर व्यापाऱ्याला कमी भावाने. श्रमाच्या हिशेबात हा ठेकेदार शेतकरी स्वतंत्र दिसेल, विक्रीच्या हिशेबात तो मालकावर अवलंबून आहे. दुसरे म्हणजे पगार. आज आपल्या गावांत सगळ्यात वरचे घर बहुधा सर्वांत जास्त जमिनीचे नसते. जिल्हा परिषदेच्या पगाराबरोबर सहा एकर असते, ते असते. त्याला धान बुडण्याची भीती नाही, बँक दारात येते, आणि गावातली उधारी त्याच्याकडून सुरू होते. या घराला आपण ‘नोकरदार मध्यमवर्ग’ म्हणून सोडून देतो. प्राध्यापकांच्या परिषदेत हे बोलणे जरा धाडसाचे आहे, पण आपल्यातल्या कितीजणांचे घर असेच आहे, हे मनातल्या मनात मोजायला हरकत नाही.

हे आजच बोलण्याला कारण आहे. येत्या जनगणनेत जातीची नोंद होणार, असे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले. तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. १९३१नंतर प्रथमच सगळ्या जातींचे आकडे हाती येतील. ते आले की प्रत्येक जातीला कुठल्यातरी वस्तू-निर्देशांकाशी जोडून तक्ते निघू लागतील, आणि त्या तक्त्यांवर आरक्षणाचे वाद लढले जातील. तेव्हा आपल्याकडे दुसरा, नात्यांचा हिशेब तयार हवा. त्यासाठी कुठल्या मोठ्या संस्थेची वाट पाहत बसता येणार नाही.

म्हणून या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांकडे माझे मागणे आहे. आठ तालुके आहेत. प्रत्येकातून दोन गावे घ्या, एक तलावाखालचे, एक जंगलालगतचे. प्रश्न कुटुंबप्रमुखाला विचारू नका, घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाला वेगळे विचारा. गेल्या रोवणीत कोणाच्या बांधीत किती दिवस, रोजीने की ठेक्याने, दर कोणी सांगितला, तुमच्या बांधीत कोण आले. धान कोणाच्या सातबाऱ्यावर मोजले. आषाढ-श्रावणात पैसे कोणाकडून आणले आणि ते फेडताना काम करावे लागले का. जात वेगळ्या रकान्यात लिहा आणि शेवटपर्यंत वेगळीच ठेवा; तिला गुण देऊ नका. झाडीबोली, पोवारी, गोंडी बोलणारे विद्यार्थी आपल्या वर्गात बसलेले आहेत, ते हे काम बाहेरून आलेल्या पाहणीदारापेक्षा चांगले करतील. मात्र त्यांना स्वतःच्या गावात पाठवू नका: ज्याच्याकडे आईने उचल घेतली आहे, त्याला मुलगा दर विचारू शकत नाही.

परहे जूनमध्ये टाकले जातात. प्रश्नावली मेअखेर छापून तयार असेल तर हे याच हंगामात होईल. छपाईचा खर्च परिषदेच्या निधीतून करण्याचा ठराव उद्याच्या सर्वसाधारण सभेत मी स्वतः मांडणार आहे. त्याला विरोध असेल त्यांनी आज रात्रीच्या जेवणावर मला गाठावे.