जे रांगेत नव्हते, त्यांना विचारा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषयही त्यांनीच दिला. म्हणाले, "तू चाळिशीत एमबीए केलंस. आता आपल्या बऱ्याच जणांची मुलं एमबीए करतायत आणि शेवटच्या प्रबंधाला अडतायत. तो कसा लिहायचा ते सांग." जेवणाच्या आधी प्रबंधावर बोलायचं म्हणजे श्रोत्यांची परीक्षाच आहे. पण मी त्यात सपशेल चुकलो होतो, त्यामुळे सांगण्यासारखं थोडं आहे.

पतसंस्थेत नोकरी करत मी प्रवेश घेतला. प्रबंधाचा विषय लिहून दिला : 'महाराष्ट्रातील दुग्धव्यवसाय : समस्या आणि संधी'. मार्गदर्शक मॅडमनी कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "यातलं तुम्ही स्वतः काय पाहणार आहात?" मला उत्तर देता आलं नाही. महाराष्ट्र मी कुठे पाहणार होतो! मी पाहू शकत होतो आमच्या गावातलं दूध संकलन केंद्र. तिथलं दूध वर्षागणिक कमी होत होतं. का, एवढाच विषय ठरला.

मग मी वीस प्रश्नांची प्रश्नावली केली. सकाळ-संध्याकाळ केंद्रावर उभा राहिलो, साठ जणांकडून ती भरून घेतली. जवळजवळ सगळे समाधानी! मी रंगीत आलेख काढले, चाळीस पानं टाइप झाली. कौतुकाने आईला दाखवायला गेलो. आईने कित्येक वर्षं त्याच केंद्रावर दूध घातलेलं. ती म्हणाली, "रांगेत उभे असणारे खूशच असणार की. नाहीतर आले कशाला असते? मला विचारलंस का, मी का बंद केलं ते?"

नव्हतं विचारलं. मला वाटत होतं, वय झालं म्हणून तिने गाई विकल्या. ती म्हणाली, "धारा मी काढायच्या, किटली मी वाहायची, आणि पैसे तुझ्या वडिलांच्या खात्यावर. दर दहा दिवसांनी माझ्याच कष्टाचे पैसे मला मागावे लागायचे. कंटाळले." मित्रहो, मी त्याच घरात राहत होतो. पतसंस्थेत रोज दुसऱ्यांची खाती उघडून देत होतो.

हातात सहा आठवडे उरले होते. केंद्राची जुनी यादी मिळवली, दूध घालणं थांबवलेल्यांच्या नावांवर खुणा केल्या आणि घरोघर गेलो. प्रश्नावली घरीच ठेवली, नुसता बसून ऐकत होतो. कारणं निरनिराळी निघाली, पण माझ्या वीस प्रश्नांत त्यातलं एकही नव्हतं. आधीची चाळीस पानं मी फेकली नाहीत. 'माझी निवड कुठे चुकली' असं एक प्रकरण करून त्यातच मांडली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले.

या कामाची मोठी परंपरा आपल्याच जिल्ह्यात आहे. धनंजयराव गाडगीळांचं नाव आपण प्रवरानगरच्या कारखान्यामुळे ऐकतो. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभारला, १९५० साली गाळप सुरू झालं, आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. पण त्यांची सुरुवात प्रबंधापासूनच झाली होती. भारतातल्या उद्योगधंद्यांच्या वाटचालीवर त्यांनी केंब्रिजला एम.लिट.साठी प्रबंध लिहिला. १९२४ साली तो पुस्तकरूपाने आला, तेव्हा ते २३ वर्षांचे होते. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतून त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली. त्याचा अहवाल १९४८ सालचा. म्हणजे कारखान्याचं धुराडं पेटण्याआधी आपल्या भागातल्या शेतीचा हिशेब कागदावर मांडून झाला होता. त्यात कालव्याच्या पाण्याखालच्या शेतीबरोबर कोरडवाहू शेतीचाही विचार होता. पाणी न मिळालेला शेतकरी पाहिल्याशिवाय पाण्याचा फायदा मोजणार कसा?

आता मुलांसाठी चार गोष्टी.

विषय एका प्रश्नात मावला पाहिजे, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला एसटीने किंवा मोटारसायकलने जाऊन शोधता आलं पाहिजे. 'समस्या आणि संधी' असलेलं शीर्षक दिसलं की समजा, प्रश्न अजून सापडलेला नाही.

वेळापत्रक शेवटाकडून आखा. सादर करायची तारीख लिहा, तिथून छपाई आणि बांधणीचे दिवस वजा करा, मार्गदर्शकांना वाचायला दोन आठवडे द्या, मग उरेल तो वेळ तुमचा. तो नेहमी वाटतो त्यापेक्षा कमी निघतो. माहिती कशी गोळा केली ते प्रकरण काम चालू असतानाच लिहा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी.

प्रश्नावली व्हॉट्सॲपवर वसतिगृहातल्या मित्रांना पाठवून शंभर उत्तरं मिळतात, पण ती मित्रांची उत्तरं असतात. आणि जुन्या प्रबंधातून उचललेली पानं संगणक पकडतोच. नाही पकडली, तरी तुम्हाला ठाऊक असतंच.

चौथी गोष्ट, प्रत ठेवा. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले, तेव्हा वेगळ्या बोटीने पाठवलेलं त्यांचं सामान पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं. त्यात त्यांची पुस्तकं होती. तरी ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले, १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. आपल्यात ती जिद्द असेलच असं नाही, म्हणून पेनड्राइव्हवर विसंबू नका.

शेवटी एक आठवण. नववीत भूगोलाच्या सरांनी आपल्याला गावातल्या विहिरी मोजायला पाठवलं होतं. आमच्या गटाने चटकन आकडा आणला. सरांनी विचारलं, "कोरड्या मोजल्या का?" आम्ही म्हणालो, "सर, त्यात पाणीच नाही." सर म्हणाले, "म्हणूनच मोजायच्या." आणि भर उन्हात आम्हाला परत पाठवलं. तेव्हा आम्ही सरांना काय काय म्हणालो, ते आज त्यांच्यासमोर सांगत नाही.

सर, तुम्ही नववीतच सांगितलं होतं. मला ते चाळिशीत आईकडून पुन्हा शिकावं लागलं. प्रबंध जमा केला त्याच आठवड्यात तिच्या नावाने खातं उघडलं. गाई आता नाहीत, पण पासबुक ती स्वतःजवळ ठेवते.