बेवारस स्थानकांचे वारस

लहानशा गांवचें रेल्वे-स्थानक ही त्या गांवाची दुसरी वेस असते. पाहुणा तेथें उतरतो, शिकावयास निघालेला मुलगा तेथूनच निरोप घेतो, आणि पूर्वीं टपालाची थैलीही तेथेंच उतरत असे. इंग्लंडांतील खेड्यांत तर एके काळीं स्टेशनमास्तर हा पाद्री आणि शाळामास्तर यांच्या बरोबरीचा गृहस्थ गणला जाई. फलाटाच्या कडेनें त्यानें व त्याच्या हमालांनीं लावलेले फुलांचे ताटवे असत. कोणत्या स्थानकाची बाग उत्तम, याबद्दल रेल्वे कंपन्या दरसाल बक्षिसें देत, आणि बक्षीस मिळालें कीं साऱ्या गांवाला तें आपलेंच वाटे. त्याच चालीचा एक अंश आपल्याकडील आडगांवच्या स्टेशनांवर कर्दळीच्या रांगेच्या रूपानें पुष्कळ श्रोत्यांनीं पाहिला असेल. आजच्या भाषणांत ज्यांची हकीकत सांगावयाची आहे ते लोक मात्र रेल्वेचे नोकर नव्हेत. त्यांना पगार नाहीं, बढती नाहीं, निवृत्तिवेतन नाहीं. तरीहि ब्रिटनमधील हजारावर स्थानकांची निगा आज असे लोक आपखुशीनें राखीत आहेत.

ही पाळी कां आली, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. २७ मार्च १९६३ रोजीं ब्रिटिश रेल्वे मंडळाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. बीचिंग हे मूळचे रसायनांच्या एका मोठ्या कंपनींतील अधिकारी. रेल्वेचा वाढता तोटा आटोक्यांत आणण्याचें काम सरकारनें त्यांच्याकडे सोंपविलें होतें. जें स्थानक आपला खर्च भागवीत नाहीं तें बंद करावें, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांच्या यादींत २,३६३ लहानमोठीं स्थानकें होतीं. शाखेवरून आलेला उतारू पुढें मुख्य मार्गावर शेंकडों मैल जातो, ही गोष्ट त्या हिशेबांत पुरेशी धरलेली नव्हती, अशी टीका तेव्हांपासून आजतागायत होत आली आहे. यादींतील सारींच स्थानकें बंद झालीं असें नाहीं. पण पुढील दहा वर्षांत हजारों मैलांचा लोहमार्ग उखडला गेला.

बंद झालेल्या स्थानकांबद्दल लोक हळहळले. परंतु जीं उघडीं राहिलीं त्यांची दशा कांहीं कमी शोचनीय नव्हती. काटकसरीसाठीं तेथील माणसें काढून घेण्यांत आलीं; तिकिटें गाडींतच गार्ड देऊं लागला. स्टेशनमास्तर गेला, हमाल गेला, तिकिटाच्या खिडकीवर फळ्या ठोकल्या गेल्या. ताटव्यांत तण माजलें. वेळापत्रकाची पाटी आणि पावसापुरता एक आडोसा, एवढेंच पुष्कळ ठिकाणीं उरलें. रात्रींच्या गाडीनें एकट्या स्त्रीनें निर्धास्तपणें उतरावें असें त्या जागेचें रूप राहिलें नाहीं. मग उतारू कमी होत. उतारू कमी झाले कीं आंकडे घसरत. आणि आंकडे घसरले कीं पुन्हां बंद करण्याची भाषा निघे. ज्या जागेला वाली नाहीं ती जागा आपोआपच मोडकळीस येते, हें घरांविषयीं जितकें खरें तितकेंच स्थानकांविषयींहि खरें आहे.

हें दुष्टचक्र लोकांनीं कसें फिरविलें याचें सर्वांत बोलकें उदाहरण उत्तर इंग्लंडमधील सेटल ते कार्लाइल या मार्गाचें होय. सुमारे बहात्तर मैलांचा हा मार्ग मिडलंड रेल्वे कंपनीनें डोंगर फोडून व दऱ्या ओलांडून बांधला आणि १८७६ सालीं उतारूंसाठीं खुला केला. त्यावर चौदा बोगदे आहेत. रिबलहेडचा चोवीस कमानींचा दगडी पूल तर चित्रांतून जगभर पोंचला आहे. तो बांधतांना डोंगराच्या पायथ्याशीं झोंपड्या टाकून राहिलेले मजूर, त्यांच्या बायका व मुलें अपघातांनीं आणि देवीच्या सांथीनें मोठ्या संख्येनें मेलीं. जवळच्या एका लहानशा देवळाच्या आवारांत त्यांस पुरलेलें आहे. या मार्गावरील डेंट हें स्थानक समुद्रसपाटीपासून साडेअकराशें फुटांवर आहे, आणि ज्या गांवाचें नांव त्यानें धारण केलें तें गांव तेथून चार मैल दूर व शेंकडों फूट खालीं आहे. स्थानक गांवासाठीं बांधलें कीं गांवाचें नांव स्थानकासाठीं उसनें घेतलें, असा प्रश्न विनोदानें विचारला जातो.

मे १९७० मध्यें या मार्गावरील थांबत जाणाऱ्या गाड्या काढून घेण्यांत आल्या. सेटल आणि ॲपलबी हीं दोनच स्थानकें उघडीं राहिलीं. १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यानाच्या चालकांनीं पदभ्रमण करणाऱ्यांसाठीं सुटीच्या दिवशीं खास गाड्या सोडविल्या, आणि बंद फलाटांवर पुन्हां माणसांचे पाय लागले. परंतु रिबलहेडच्या पुलांत पाणी मुरत होतें. दुरुस्तीस चाळीस ते साठ लाख पौंड लागतील असें सांगण्यांत येऊं लागलें, आणि त्या निमित्तानें सारा मार्गच बंद करण्याचा घाट घालण्यांत आला. हा वास लागतांच १९८१ सालीं ‘सेटल-कार्लाइल मार्गाचे मित्र’ या नांवाची मंडळी एकत्र आली. बंदीची रीतसर सूचना त्यानंतर निघाली.

कायद्याची एक मेख येथें सांगण्यासारखी आहे. मार्ग बंद करण्यावर हरकत घेण्याचा अधिकार तो वापरणाऱ्यांचा असे, आणि सुनावणींत विचार व्हावयाचा तो उतारूंच्या गैरसोयीचा. इतिहास, सृष्टिसौंदर्य किंवा शेजारधर्म यांना त्या सभेंत वकील नव्हता. म्हणून मित्रमंडळींनीं उतारूच गोळा केले. वीस हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या. त्यांत एक सही पंजाच्या ठशाची होती. मंडळाच्या संस्थापकांपैकीं एक, बर्न्ली गांवचे ग्रॅहॅम नटॉल, यांच्या ‘रसप’ नांवाच्या मेंढरक्या कुत्र्याची ती सही. कुत्र्याचेंहि तिकीट काढलेलें असल्यामुळें तो कायदेशीर उतारू ठरला, आणि त्याची हरकत दप्तरीं दाखल करून घ्यावी लागली!

तिकडे मार्ग गुंडाळण्यासाठीं नेमलेल्या रॉन कॉटन या अधिकाऱ्यानें गाड्या वाढविल्या, तिकिटें स्वस्त केलीं, आणि १९८६ मध्यें आठ स्थानकें पुन्हां उघडण्यांत आलीं. १९८३ सालीं वर्षाला सुमारे ९३ हजार उतारू या मार्गानें जात. १९८९ पर्यंत ही संख्या साडेचार लाखांवर गेली. ११ एप्रिल १९८९ रोजीं सरकारनें मार्ग चालू ठेवण्याचा निर्णय जाहीर केला.

नटॉल यांना तो विजय फार दिवस भोगावयास मिळाला नाहीं. २० जानेवारी १९९० रोजीं ते कुत्र्यास घेऊन वेल्सच्या डोंगरांत फिरावयास गेले ते परतले नाहींत. एप्रिलच्या ७ तारखेस एका वाटसरूला ओढ्याकांठीं त्यांचा देह आढळला. चौदा वर्षांचा रसप ऐन हिंवाळ्याचे अकरा आठवडे त्यापाशीं बसून होता. चालण्याचें त्राण नसल्यामुळें त्यास उचलूनच खालीं आणावें लागलें. धन्याच्या अंत्यविधीपर्यंत तो जगला. २००९ सालीं गार्सडेल स्थानकाच्या फलाटावर त्याचा ब्राँझचा पुतळा बसविण्यांत आला.

लढा जिंकल्यावर अशा मंडळ्या बहुधा सत्कार घेऊन पांगतात. या मंडळीनें खुरपें हातांत घेतलें. सेटल येथील जुनी सिग्नलची केबिन स्वयंसेवकांनीं दुरुस्त करून पाहणाऱ्यांसाठीं उघडी केली. फलाटांवर फुलझाडें लावलीं. लांकडी कठड्यांना मिडलंड कंपनीच्या जुन्या रंगाचे हात दिले. पुढें १९९० नंतरच्या दशकांत पॉल साल्वेसन या रेल्वेंतील अनुभवी लेखकानें अशा विखुरलेल्या प्रयत्नांस एका सूत्रांत ओवण्याची कल्पना मांडली. तींतून निघालेली मध्यवर्ती संस्था आज ‘कम्युनिटी रेल नेटवर्क’ या नांवानें ओळखली जाते. तिच्याशीं सत्तरांहून अधिक भागीदारी-मंडळें संलग्न आहेत.

कामाची पद्धत साधी आहे. गांवकऱ्यांचा गट स्थानक ‘दत्तक’ घेतो, म्हणजे गाड्या चालविणाऱ्या कंपनीशीं लेखी करार करतो. कंपनी सुरक्षिततेचे नियम शिकविते: चमकणारें जाकीट अंगांत घालावें, फलाटाच्या कडेपासून दूर राहावें, काम केव्हां करणार हें आधीं कळवावें. मग कोणी कुंड्या भरतो, कोणी गळका पन्हळ, विझलेला दिवा, चुकीचें वेळापत्रक यांची तक्रार कंपनीच्या कानीं घालतो. टॉडमॉर्डन या गिरणीच्या गांवीं २००८ सालीं सुरू झालेल्या भाजीपाल्याच्या चळवळीनें स्थानकावरच वाफे केले. गाडीची वाट पाहणाऱ्यानें हवी तेवढी कोथिंबिरीसारखी पालेभाजी खुडून न्यावी. स्कॉटलंडमधील पिटलॉक्रीच्या फलाटावर स्वयंसेवक जुन्या पुस्तकांचें दुकान चालवितात व उत्पन्न धर्मादाय कामांस देतात. पेन्शनीत निघालेला गृहस्थ, नुकतीच विधवा झालेली बाई, शाळेंतील मुलें, यांना आठवड्यांतून एक सकाळ एकमेकांशीं बोलण्यास निमित्त मिळतें. फुलांचा खरा उपयोग कदाचित् हाच असेल. उतारू तर गाडी आली कीं निघून जातात.

या साऱ्या प्रकारावर एक आक्षेप आहे, आणि तो ताटव्याआड झांकण्यासारखा नाहीं. पगारी हमाल काढून टाकावयाचा आणि त्याच्या जागीं फुकट राबणारा माळी बसवावयाचा, ही कंपन्यांची सोय नव्हे काय? रेल्वे कामगारांच्या संघटनांची ही भीति निराधार नाहीं. आंधळ्या उतारूस कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागते हें गुलाबाचें झाड सांगूं शकत नाहीं. जुलै १९२३ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे जुलै २०२३ मध्यें, इंग्लंडांतील बहुतेक तिकीटखिडक्या बंद करण्याचा बेत कंपन्यांनीं जाहीर केला. लोकांची मतें मागविण्यांत आलीं, तेव्हां साडेसात लाखांच्या घरांत उत्तरें आलीं. अपंगांच्या संस्थांनीं विशेष जोरानें विरोध केला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं तो बेत सोडून देण्यांत आला. स्वयंसेवकांचें काम पगारी माणसाच्या शेजारीं शोभतें; त्याच्या रिकाम्या खुर्चीवर तें बसवूं गेल्यास कामाचीहि अब्रू जाते आणि माणसाचीहि.

कोणत्या मार्गाची किंमत किती, हें कागदावर ठरतें त्याहून अधिक तो कोण वापरतो व कोण जपतो यावर ठरतें काय, याचा एक दाखला सेटल-कार्लाइल मार्गानेंच पुढें दिला. फेब्रुवारी २०१६ मध्यें अतिवृष्टीनें आर्मथवेट गांवाजवळ ईडन नदीच्या कांठचा डोंगर खचला आणि लाखो टन मातीबरोबर मार्गाखालचा आधार सरकला. दुरुस्तीस सुमारे दोन कोटि तीस लाख पौंड लागले, म्हणजे १९८०च्या सुमारास ज्या रकमेपायीं मार्ग मोडीत काढावयाचा होता तिच्या कित्येक पट. या वेळीं मात्र मार्ग बंद करण्याची सूचना कोणी काढली नाहीं. उतारावर पोलादी खांब रोवून त्यांवर काँक्रीटचा आधार उभारण्यांत आला, आणि ३१ मार्च २०१७ रोजीं पुन्हां आरपार गाड्या धांवूं लागल्या.