लहान शेती व तिचे भांडवल
(ट्रस्टच्या महोत्सवी सभेतील भाषण)



आपल्यांतील कित्येक घरांची दोन-चार एकर जमीन गावी पडून आहे. मुलगा म्हणतो, "मी कसतो", वडील विचारतात, "पैसा कोठून आणणार?" प्रश्न रास्त आहे.

याच बडोद्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहायकारी मंडळी काढली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला तो पंधरा वर्षांनी, १९०४ साली. थोड्याथोड्या पैशांनी एकमेकांची नड भागते, हे आपल्या वाडवडिलांनीच दाखविले.

आज किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळते. मुदतीत फेडल्यास ३ टक्के सूट, म्हणजे व्याज ४ टक्केच पडते. २ लाखांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही. मात्र सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असेल, तर कर्जाचे काम तेथेच अडते. म्हणून पहिले काम वारसनोंदीचे.

दुसरे, पीककर्ज पिकालाच लावावे. लग्नकार्यात घातले की सूट गेली आणि पतही गेली. विहिरीसाठी वा म्हशीसाठी लांब मुदतीचे वेगळे कर्ज काढावे. पहिल्या वर्षी एकच एकर करावे, जोडीला एक दुभती म्हैस ठेवावी आणि घरातील एकाने नोकरी सोडू नये. दुधाचा पैसा पिकाची वाट पाहत नाही.

आणि जमीन विकण्यापूर्वी विचार करा. गुजरातेत काय, महाराष्ट्रात काय, शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सहसा घेता येत नाही. शेवटचा तुकडा गेला, की नातवंडांना परतीची वाट राहत नाही.